सातपुड्यातल्या आदिवासी बाळांना दवाखान्यात वेगळी वागणूक मिळते का?

मिळते, आणि बऱ्याचदा ती भाषेपासूनच सुरू होते. धुळ्यात भाचीच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा शेजारी धडगावकडची पावरा समाजाची आई होती. सिस्टरनं मराठीत भराभरा सांगितलं, "दर दोन तासांनी दूध काढून आण." तिनं मान हलवली. तिला पावरीशिवाय काही येतच नव्हतं. दुपारी वाटी रिकामी दिसली आणि सगळ्यांदेखत तिलाच बोलणी बसली. आमच्या मुलीला मात्र खुर्ची देऊन नीट समजावलं होतं. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

दुसरं कारण अंतर. पाड्यावरून झोळीतून रस्त्यापर्यंत, नर्मदाकाठी तर बोटीतून यावं लागतं. तोवर कमी वजनाचं बाळ गार पडतं. म्हणून निघतानाच त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या.

सावळ्या बाळाची कावीळ नुसत्या नजरेला चुकते, रक्त तपासायला सांगाच. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि गाडी मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि पावरी किंवा भिलोरी बोलणारी आशाताई सोबत न्या.