छेदतो, स्पर्शतो की ओलांडतो?

प्रश्न असा आहे : अन्वस्ताचा (पॅराबोलाचा) आलेख क्ष-अक्षाला ‘छेदतो’ आणि ‘स्पर्शतो’ यांत नेमका फरक काय? आणि य-अक्षाला तो एकाच बिंदूत मिळतो, तर तिथे ‘स्पर्शतो’ म्हणावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही. या गोंधळाचं मूळ वर्तुळात आहे. शाळेत आपण छेदिका आणि स्पर्शिका शिकतो त्या वर्तुळाच्या. दोन बिंदूंत मिळाली तर छेदिका, एकाच बिंदूत मिळाली तर स्पर्शिका. वर्तुळापुरतं हे बिनचूक आहे, पण तेच मोजमाप डोक्यात पक्कं बसतं आणि मग आपण ते प्रत्येक वक्राला लावत सुटतो.

य = क्ष² − ४क्ष + ३ घ्या. क्ष-अक्षावर तो १ आणि ३ या ठिकाणी मिळतो, म्हणजे सरळ छेदतो. अख्खा वक्र एक एकक वर उचला : य = क्ष² − ४क्ष + ४, म्हणजेच (क्ष − २)². आता दोन्ही बिंदू २ वर एकत्र आले. वक्र खाली येतो, अक्षाला टेकतो आणि आल्या बाजूलाच परत वर जातो. हा स्पर्श. आणखी एक एकक उचला की शिरोबिंदू (२, १) वर जातो आणि अक्षाशी संबंधच संपतो. विवेचक (वक्र क्ष-अक्षाला दोन, एक की शून्य बिंदूंत मिळतो हे ज्याच्या चिन्हावरून कळतं ती संख्या) अनुक्रमे ४, ०, −४.

या तिन्ही वक्रांनी य-अक्षाला मात्र एकेकदाच गाठलं : ३, ४ आणि ५ वर. तिन्ही ठिकाणी वक्राचा चढ −४ आहे, म्हणजे तो डावीकडून तिरका उतरत येतो आणि अक्ष पार करून उजवीकडे जातो. सामाईक बिंदू एकच, तरी स्पर्श नाही. स्पर्श म्हणायचा तर त्या बिंदूपाशी वक्राची दिशा आणि अक्षाची दिशा एक झाली पाहिजे. य-अक्षाला खराखुरा स्पर्श करणारा अन्वस्त हवा असेल तर तो आडवा करा : क्ष = य². (याचा स्वतःचा सममिती-अक्ष क्ष-अक्षावरच पडतो. ‘अक्ष’ शब्दाचे हे दोन अर्थ एकाच वाक्यात आले की वाचणारा हमखास अडखळतो, म्हणून मी तिथे ‘सममिती-अक्ष’ असं पूर्ण लिहितो.)

मग छेदणं आणि स्पर्शणं एकमेकांच्या विरुद्ध का? तेही नाही. य = क्ष³ पाहा. आरंभबिंदूपाशी तो क्ष-अक्षाला स्पर्शतो, कारण तिथे चढ शून्य आहे, आणि त्याच बिंदूत तो खालून वरही जातो. दोन्ही क्रियापदं एकदम लागू! म्हणून बाजू बदलते एवढंच सांगायचं असेल तर मला ‘ओलांडतो’ जास्त नेमकं वाटतं. ‘छेदनबिंदू’ तसाही कुठल्याही सामाईक बिंदूला वापरला जातो, त्याच्यावर एवढा भार टाकू नये.

जाता जाता ‘अनंतस्पर्शी’बद्दल, म्हणजे दूर जाताना वक्र जिच्या अधिकाधिक जवळ येत राहतो त्या रेषेबद्दल. य = १/क्ष चा आलेख अक्षांच्या जवळ जवळ जातो पण त्यांना कधीच टेकत नाही, म्हणून अनंतस्पर्शी रेषेला वक्र शिवतच नाही असं सर्रास सांगितलं जातं. या वक्रापुरतं ते खरं आहे. पण साइन क्ष भागिले क्ष याचा आलेख काढला तर क्ष-अक्ष त्याची अनंतस्पर्शी रेषा आहे, आणि तरीही वक्र तिला अगणित वेळा ओलांडतो.