दात किडत आहे की एनॅमल (दाताचे कठीण बाहेरचे आवरण) भरून येत आहे, हे प्रकाशाच्या साहाय्याने कसे कळते?

आम्लामुळे एनॅमलमधील खनिज निघून जाऊन सूक्ष्म छिद्रे पडली की तेथे प्रकाश अधिक विखुरतो. दात वाळवल्यावर हिरडीलगत दिसणारा खडूसारखा पांढरा डाग ही त्याचीच खूण असते. सुमारे ४०५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात निरोगी दात हिरवट चमकतो, तर खनिज गमावलेला भाग काळपट दिसतो, आणि काही महिन्यांनी त्याच जागेची पुन्हा प्रतिमा घेऊन हा फरक मोजता येतो. दुरुस्ती होताना मात्र अनेकदा पृष्ठभागावरच खनिजाचा दाट थर तयार होतो व आतला डाग तसाच राहतो. म्हणून केवळ डाग दिसतो म्हणून दात ड्रिलने कोरण्याची घाई करू नये, असे मला ठामपणे वाटते. पृष्ठभागावरचा तो दाट थर ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीत (परत येणाऱ्या प्रकाशावरून आतल्या थरांची छेद-प्रतिमा घेणाऱ्या तंत्रात) स्पष्ट दिसू शकतो. प्रतिमेपूर्वी दातांवरील किटण काढलेले असावे, अन्यथा फसगत होते.