झाड काढायचं की ठेवायचं, हे पानं बघून ठरवू नका (चाळीसगावच्या दादांना उत्तर)

दादा, तुमची पोस्ट वाचताना आमच्याच अंगणाचा पंचनामा वाचतेय असं वाटलं. पश्चिमेला कडुनिंब, कंपाउंडला लागून गुलमोहर, न्हाणीचं पाणी थेट गुलमोहराच्या बुडाशी. घराच्या भिंतीला तडे, शेजारी म्हणतात दोन्ही पाडा, आणि घरचे म्हणतात निंबाची पानं झडली, म्हणजे तो गेलाच, आधी तोच काढू. तुमचा प्रश्न एवढाच, की पावसाआधी काय करायचं.

माझं मत आधीच सांगते. गुलमोहर काढा, निंबाला हात लावू नका. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही आणि फक्त फोटो बघून बोलतेय. म्हणून जाणकार माणूस आणून प्रत्यक्ष दाखवाच. पण त्या जाणकाराला काय बघायला लावायचं, ते तुम्हाला ठाऊक हवं. आमचं वाटोळं तिथेच झालं.

आम्ही जळगावात राहतो. गुलमोहर काढायची परवानगी मागितली होती. कार्यालयाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पाहणीला साहेब आले ते ऐन फाल्गुनात. निंब तेव्हा पानगळीत, अंगावर एक पान नाही. गुलमोहर एरवी या दिवसांत विरळ होतो, पण आमचा सांडपाण्यावर पोसलेला, पानं धरून होता. साहेब फाटकातून बघून गेले. हातात आलेला कागद असा: कडुनिंब वाळलेला, काढण्यास हरकत नाही. गुलमोहर हिरवा व सुस्थितीत, परवानगी नाकारण्यात येते. अहो, अर्ज फक्त गुलमोहराचा होता! निंबाचं नाव त्यात होतं ते 'शेजारच्या कडुनिंबास धक्का न लावता' एवढ्यापुरतं.

दुरुस्तीचा अर्ज दिला. फेरपाहणी पावसाळ्यानंतर, असं तोंडी उत्तर मिळालं. लेखी मागितलं तर आवक-जावकवाली बाई रजेवर. इकडे घरात कागद फिरत होता. सासऱ्यांचं म्हणणं, सरकारच वाळलेलं म्हणतंय, मग ठेवायचं कशाला? लाकूडतोड्याही तयारच होता, कारण निंबाच्या लाकडाला भाव असतो आणि गुलमोहराचं लाकूड फुकट दिलं तरी कुणी नेत नाही. (हे लक्षात ठेवा. 'भाऊ, हाई झाड पडी जाई' असं लाकूडतोड्या कोणत्या झाडाबद्दल म्हणतो ते नीट ऐका.) निंब पाडला तेव्हा शेंड्यांना तांबूस पालवी फुटलेली होती. पश्चिमेची भिंत त्या वैशाखात इतकी तापली, की रात्री पलंग भिंतीपासून ओढून घ्यावे लागले.

आणि गुलमोहर? श्रावणात, वारा नाही वादळ नाही, नुसत्या झडीत मुळासकट आडवा झाला. पत्र्याची शेड, कंपाउंडची भिंत आणि शेजाऱ्यांची मोटारसायकल, सगळं खाली. माणूस नव्हतं हे नशीब. पंचनाम्याला तेच कार्यालय. विचारलं तर म्हणे, पाहणीच्या दिवशी हिरवं होतं ना? होतं. पडलं तेव्हाही हिरवंच होतं.

झाड पाणी वर नेतं ते सालीखालच्या बाहेरच्या लाकडातून. आतला गाभा कुजला, एका बाजूची जाड मुळं सडली, तरी वर पानं आणि फुलं येत राहतात. म्हणून नजर खाली हवी. गेल्या भाद्रपदात तुमच्या गुलमोहराच्या बुंध्याला लाकडासारखी कडक, तपकिरी, पांढऱ्या काठाची अळंबी आली होती असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. शेणखताच्या मातीत उगवणाऱ्या नाजूक छत्र्यांची चिंता नको. पण बुंध्याला किंवा वर आलेल्या मुळाला चिकटलेली ही कडक अळंबी आत कूज असल्याची खूण असते. आपल्याकडे कोरड्या उन्हाळ्यात ती वाळून गळून जाते आणि मार्चमध्ये पाहणी करणाऱ्याला काहीच दिसत नाही. दमट महिन्यांत, आषाढ ते भाद्रपद, बुंध्याचे फोटो काढून ठेवा. तारखेसकट.

झाडाच्या कलण्याचंही तसंच. लहानपणापासून वाकडं वाढलेलं झाड शेंड्याकडे सरळ होत गेलेलं असतं, ते तसंच वर्षानुवर्षं उभं राहतं. सरळ झाड अचानक कललं आणि कलाच्या उलट बाजूची माती फुगली किंवा तिला भेग पडली, तर मात्र त्याखाली उभंसुद्धा राहू नका. पाइपलाइनसाठी बुंध्यालगत चर खणला असेल तर त्या बाजूची मुळं गेली असं धरून चाला. पोकळीला घाबरू नका, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकून बघा. भोवतीचं धड लाकूड खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून कमी उरलं असेल तर धोका, असा ढोबळ हिशेब करतात.

निंबाची परीक्षा सोपी. बारीक फांदीची साल नखाने खरवडा, खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत आहे. सालीवर वाळवीची माती दिसली म्हणून दचकू नका. बहुतेक वेळा ती मेलेली साल खात असते. माती झाडून खालचं लाकूड टणक आहे का बघा.

भिंतीच्या तड्यांचं खापर निंबावर फोडायच्या आधी एक करा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख टाका. वैशाखात रुंदावणारे आणि पावसात मिटणारे तडे आपल्या काळ्या जमिनीचे असतात. ती वाळली की आकसते, भिजली की फुगते. मोठं झाड त्या जमिनीतलं पाणी ओढतं, त्यामुळे त्याचाही हात असू शकतो. पण मोठं झाड एकदम काढलं तर तीच जमीन पाणी धरून फुगते आणि पाया उचलला जातो. 'झाड काढलं की तडे थांबतील' हे शेजारी सांगतात, इंजिनिअर सांगत नाही. त्यालाच विचारा.

कागदाचं थोडक्यात. चाळीसगावात नगरपरिषद आहे, म्हणजे १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा लागू. तुमच्या आवारातल्या तुमच्याच झाडालाही परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरची झाडं हेरिटेज धरतात, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची तरतूद आली आहे. खेड्यातल्या शेताबांधाला १९६४ चा वेगळा कायदा आहे, त्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं येतात. तुमच्या अर्जात 'अडचण होते', 'कचरा पडतो' असलं काही लिहू नका. 'जीवितास व मालमत्तेस धोका' असं लिहा, कारण त्याची कायद्यात वेगळी दखल आहे. सोबत भाद्रपदातले फोटो जोडा. अर्जात एकाच झाडाचं नाव येऊ द्या. दुसऱ्याचा उल्लेख चुकूनही नको, कागद कसा फिरतो ते सांगितलंच. पोच घ्या, शिक्क्यासकट. आणि हे आत्ताच करा, कारण मे-जूनचं वादळ आधी रावेर-यावलच्या केळी झोपवतं आणि मग आपल्याकडे बघतं.

परवानगी येईपर्यंत गुलमोहराचा भार हलका करायचा म्हणून कुणी वरून सरसकट मुंडण सुचवेल. नको. तसं छाटल्यावर फुटणारे धुमारे सालीलगत वरवर धरलेले असतात आणि पुढे तेच मोडून पडतात. छाटायचंच तर घराकडच्या जड फांद्या, तेही एका वेळी एकूण पसाऱ्याच्या पावभागापेक्षा कमी, आणि अर्थात विचारून. तारा जवळ असतील तर आधी लाइन बंद करून घ्या.

न्हाणीचं पाणी मात्र आजच दुसरीकडे वळवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. गुलमोहराच्या जागी पुढे बहावा किंवा कांचन लावा, पण भिंतीपासून लांब. निंबाला आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका बांधणार असाल तर दोराखाली गोणपाट घाला आणि सण झाला की दोर सोडा. वर्षभर आवळून ठेवलेला दोर सालीत रुततो आणि फांदी तिथेच मोडते.

पुढच्या पोस्टमध्ये बुंध्याचा जवळून फोटो टाका, चारही बाजूंनी. शेंड्याचे पुरेत.