बुलमास्टिफचा कागद आणि दोन वर्षांची मुदत

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागायतदारांचं पत्र आलंय. बागेच्या राखणीसाठी त्यांनी नागपूरजवळच्या एका विक्रेत्याकडून 'ओरिजिनल बुलमास्टिफ' म्हणून 55 हजारांना कुत्र्याचं पिल्लू घेतलं. 14 ऑगस्ट 2024 ला 20 हजार फोनवरून पाठवले, 35 हजार रोख दिले आणि त्याच दिवशी पिल्लू घरी आणलं. पावती नाही. 'केसीआयचे कागद तीन महिन्यांनी भेटतील' असा व्हॉट्सअॅपवर मेसेज (केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था), आणि कागदांचा आजतागायत पत्ता नाही. आता ते लिहितात, "थोबाड पाहूनच कळते वकीलसाहेब, हे काही मास्टिफ नाही. तोंड लांब आहे, छातीवर पांढरा ठिपका आहे. आमच्या डॉक्टरांनीही क्रॉस वाटते म्हटलं. केस होते का?" लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर अशी नावं बदलून हेच पत्र मला वर्षभर येत असतं.

भाऊ, पावती घ्यायला हवी होती वगैरे आता सांगत बसत नाही. तुम्ही पत्र पाठवलंत जूनच्या शेवटी, 2026 मध्ये. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 म्हणतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुमची दोन वर्षं येत्या ऑगस्टच्या मध्यावर संपतात. बाकी सगळं या एका कलमाखाली दबलेलं आहे.

तुम्ही म्हणाल, फसलो हे मला आत्ता कळलं, मग मुदत आत्तापासून मोजा. असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. समोरचा वकील एकच प्रश्न विचारेल: कुत्रा रोज तुमच्या डोळ्यांसमोर होता ना? कागद तीन महिन्यांत यायचे होते, मग मुदत नोव्हेंबर 2024 पासून धरा, असंही म्हणता येईल. तेही ग्राहक आयोगाला पटलं तर. उशीर माफ करण्याची सोय त्याच कलमात आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागतं. 'आज देतो, उद्या देतो म्हणत होता' हे सबळ कारण मानलं जाईलच असं नाही. मधल्या काळात तुम्ही केलेले फोन आणि मेसेज मुदत वाढवत नाहीत. वकिलाची नोटीसही वाढवत नाही. म्हणून नोटीस पाठवा, पण तिच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.

आता त्या थोबाडाबद्दल. तुमचा सगळा भर तिथेच आहे आणि तुमची बाजू सगळ्यात लंगडी तिथेच आहे. बुलमास्टिफसारखा जड कुत्रा पूर्ण भरायला दोन वर्षं सहज लागतात. म्हणजे तो ओळखू येण्याजोगा होईपर्यंत कायद्याची मुदत संपत आलेली असते, आणि विक्रेत्यांना हे पक्कं ठाऊक असतं. छातीवरच्या पांढऱ्या ठिपक्याचं म्हणाल, तर छोट्या पांढऱ्या खुणेला जातीच्या मानकातच मुभा आहे. तोंड आखूड हवं हे खरं. पूर्ण वाढलेला नर साधारण 50 ते 59 किलोंचा, खांद्यापाशी 63 ते 69 सेंटिमीटर उंच असतो, हेही खरं. पण हे सगळं प्रदर्शनात गुण देण्याचं माप आहे. अस्सल आईबापांचं पिल्लूही त्यात कमी पडू शकतं आणि चांगला क्रॉस त्यात नेमका बसू शकतो. मुळात ही जातच इंग्लंडमध्ये मास्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून, जमीनदारांच्या रानात चोरट्या शिकाऱ्यांना पकडायला तयार केली गेली, आणि तिथल्या केनेल क्लबने तिला 1924 मध्ये मान्यता दिली. तेव्हापासून शुद्ध कोण हे वंशावळीच्या नोंदीवरून ठरतं. तुमच्या डॉक्टरांचं 'क्रॉस वाटते' हे मत आहे, पुरावा नाही. वजन, उंची आणि दातांवरून वय एवढं त्यांच्याकडून लिहून घ्या. डीएनए चाचणी मागता येते, पण आईबापांचे नमुने विक्रेत्याकडे आहेत आणि तो ते हौसेने देणार नाही.

म्हणून तक्रारीत 'कुत्रा अस्सल नाही' हे पहिलं वाक्य नको. पहिलं वाक्य असं हवं: केसीआय नोंदणी असलेला बुलमास्टिफ म्हणून विकला, नोंदणीचे कागद देण्याचं लेखी कबूल केलं, दिले नाहीत, बिलही दिलं नाही. वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाप्रमाणे हवा हे 1930 चा मालविक्री कायदा सांगतो, आणि बिल न देणं ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. अशा मांडणीत कागद दाखवायची वेळ विक्रेत्यावर येते. त्याआधी स्कॅनर असलेल्या पशुवैद्यांकडून कुत्र्याच्या मानेपाशी मायक्रोचिप आहे का ते तपासा आणि निकाल लेखी घ्या. उद्या घाईघाईने एखादं सर्टिफिकेट आलंच, तर त्यावरचा चिप क्रमांक जुळतो का ते पाहायला हेच उपयोगी पडेल. श्वानप्रजननाच्या 2017 च्या नियमांखाली विक्रेत्याची नोंदणी आहे का, हेही नोटिशीत विचारा.

तुम्ही मोबाइल बदललात आणि चॅटचे फक्त दोन स्क्रीनशॉट उरलेत, हे वाचून मी कपाळावर हात मारला. 35 हजार रोख दिल्याचा तर काहीच पुरावा नाही. जुना मोबाइल घरात कुठे पडला असेल तर शोधा, बॅकअप पाहा, बँकेचं स्टेटमेंट काढा. स्क्रीनशॉटसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा.

तक्रार अमरावतीच्या जिल्हा आयोगातच करता येते, नागपूरला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तोवर तुमच्या बागेत किती बहार येऊन जातील ते मी सांगत नाही.

मागणी आवाक्यात ठेवा. दोन वर्षं सांभाळलेला कुत्रा परत देऊन पूर्ण पैसे मिळणं अवघड आहे. किमतीतला फरक, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च मागा. खाण्याचा खर्च मागू नका, अस्सल बुलमास्टिफनेही तेवढंच खाल्लं असतं. पोलिसांत जायचं तर जा, पण विकतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागेल आणि ठाण्यात बहुधा 'दिवाणी मामला' हेच ऐकाल. 'मास्टिफवर बंदी आहे, तक्रार केली तर कुत्रा जप्त होईल' ही विक्रेत्याची धमकी मनावर घेऊ नका. मार्च 2024 च्या ज्या केंद्रीय परिपत्रकाचा तो हवाला देतो, ते दिल्ली आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी त्याच एप्रिलमध्ये रद्द केलं.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज विचारलंय की शेजारच्या गावचा एकजण मादी घेऊन यायला तयार आहे, तोवर मेटिंग करून बुलमास्टिफची पिल्लं म्हणून विकली तर चालेल का. नाही. एक तर कुत्रा धंद्यासाठी घेतला असं ठरलं की तुम्ही 'ग्राहक' उरत नाही आणि तक्रार पहिल्याच तारखेला अडचणीत येते. दुसरं म्हणजे ज्या कुत्र्याला तुम्ही शपथेवर बनावट म्हणणार, त्याचीच पिल्लं अस्सल म्हणून विकलीत, तर पुढचं पत्र मला ती घेणाऱ्याकडून येईल. त्या माणसाला आजच नाही म्हणून कळवा आणि तक्रारीचा मसुदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात तयार ठेवा.