दोन सारखे पेनड्राइव्ह, ओळखायचे कसे?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघते. बॅकअपचे दोन पेनड्राइव्ह दिसायला हुबेहूब. एकच ड्राइव्ह कधी ‘ई’ दिसतो, कधी ‘एफ’. कुठला कोणता, कसं ओळखू?

उत्तर : ताई, त्या अक्षरावर विसंबू नका, जे मोकळं असेल ते विंडोज देऊन टाकतं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ लिहून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथं व्ही-ओ-एल, एक जागा सोडून ई आणि कोलन टाइप करा, एंटर दाबा. दोन ओळी येतील : पहिलीत ड्राइव्हचं नाव, दुसरीत मधे रेघ असलेला ८ अंक-अक्षरांचा क्रमांक. तो फॉरमॅट करताना मिळतो, म्हणून पुन्हा फॉरमॅट केलात की बदलतो. कंपनीच्या सिरियल नंबरशी त्याचा संबंध नाही. दोन्ही क्रमांक वहीत उतरवून ठेवा.

‘लेबल’ कमांडनं नावंही द्या. ड्राइव्ह फॅट-३२ (फॉरमॅटचा एक प्रकार) असेल तर ११ अक्षरांत, इंग्रजी लिपीतच. ‘हळद’, ‘पट्टी’, काहीही चालेल. ‘न्यू व्हॉल्यूम’ तसंच ठेवणाऱ्यांचा मला रागच येतो! मोकळी जागा मात्र ‘व्हॉल’ दाखवत नाही, त्यासाठी ‘डीआयआर’ची शेवटची ओळ बघा.