आधी त्या आईचा फोन लिही

हरवलेल्या पोराच्या तुझ्या खून-रहस्यकथेचा मसुदा दोनदा वाचला. हवालदार आईला म्हणतो, “चोवीस तास वाट बघा, येईल पोरगं.” हा नियम म्हणून लिहू नकोस, त्याची चूक म्हणून लिही. मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय. कथा 1 जुलै 2024 नंतरची असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 363 नको, भारतीय न्याय संहितेचं अपहरणाचं कलम 137 लाव. तपासात स्थानिक गुन्हे शाखेचं पथकही येऊ दे.

पण खरा जीव तुझ्या गावात आहे. बीडकडची माणसं दसरा-दिवाळीला ऊसतोडीला जातात, मागे म्हातारी आणि पोरं. नातू दुपारी दिसेनासा झाला तर आईला ते रात्री कळणार, दूर ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, फोनवर. पाचटाने चिरलेली बोटं, कानाला धरलेला मोबाइल, बाजूला टेकवलेला कोयता. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, मग निघायचं कसं? हे तू एका ओळीत उरकलंस, फार हळहळ वाटली. खुन्यापेक्षा मला तिची काळजी लागली होती. तिथे चार पानं दे. खुनी कळला तरी चालेल, पोर सापडेपर्यंत वाचक उठणार नाही. नवा मसुदा झाला की पाठव, मी वाचतो.