एकच सिलिंडर मिस मारतोय, इंजिन खोलायचं का?

प्रश्न: माझा पिकअप पेट्रोलचा आहे, चार सिलिंडरचा. आयडलला हादरतो आणि चढावर लोड घेऊन रेस दिली की चेक लाइट ब्लिंक व्हायला लागतो. स्कॅनरवर पी०३०३ येतंय. चारही प्लग नवे टाकले, तीन नंबरची कॉइल (प्लगला स्पार्कचं व्होल्टेज देणारी) पण नवी टाकली, तरी फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो आता इंजिनच खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर: नाही, इतक्यात अजिबात नाही. आधी एक काम करा, लाइट ब्लिंक होतोय तोवर गाडी लोडवर चालवू नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो तापून आतून वितळतो, मग एकाचे दोन खर्च.

पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट जळत नाही, एवढंच. कॉइल गेली का इंजिन गेलं, हे तो कोड सांगत नाही. त्या सिलिंडरच्या पाळीला क्रँकचा वेग पडतोय हे कॉम्प्युटरला कळलं, कारण आपणच शोधायचं. पण एकच सिलिंडर मिस मारतोय हे बरंच आहे, म्हणजे फ्युएल पंप, एअर फिल्टर असल्या चौघांच्या सामायिक गोष्टींवर सध्या वेळ घालवायला नको.

नवी कॉइल म्हणजे चांगली कॉइल असं धरून चालू नका. इंजिन बंद करून तीनची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर लावा, कोड क्लिअर करा, थोडं चालवून बघा. पी०३०२ आला तर ती नवी कॉइलच खराब. कोड तीनवरच राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल करा, आणि प्लग हातात आलाच आहे तर उजेडात नीट बघा, पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क आत न पडता बाहेरून बॉडीला उडतोय. प्लगच्या खड्ड्यात ऑइल किंवा पाणी असेल तर तेही काढा, व्हॉल्व कव्हरचं गॅस्केट गळत असलं की नव्या कॉइलचं रबरही फुगतं. चालू इंजिनवर कॉइल उपसून बघायची सवय कुणाला असेल तर ती सोडा, हजारो व्होल्टचा झटका आहे तो.

मग इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला (बेल्ट, फॅन सांभाळून), चारही सारखे टिकटिकायला हवेत. तीनचा गप्प असेल तर लगेच नवा आणू नका, आधी त्याचा कनेक्टर आणि वायर हलवून बघा, बाहेरून चांगली दिसणारी वायर आत तुटलेली निघते. मल्टीमीटरवर साध्या पोर्ट इंजेक्टरचा (सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणारा) रेझिस्टन्स बहुतेक १२ ते १६ ओहम येतो, पण आकड्यापेक्षा चौघांचा सारखा येणं महत्त्वाचं. डायरेक्ट इंजेक्शनचं (थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन असेल तर घरी हात घालू नका, प्रेशर फार असतं.

एवढं करूनही कोड हलला नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते, चेक करायचं, आणि माझ्या मते इंजिन खोलायचं नाव काढण्याआधी गॅरेजवाल्याने हे करायलाच हवं होतं. सगळे प्लग काढून, एकेका प्लगच्या जागी प्रेशर गेज लावून, पेट्रोल आणि इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा. सगळ्यात कमी रीडिंग सगळ्यात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली गेलं तर गडबड आहे. तीनमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर पिस्टनच्या रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व किंवा गॅस्केट, आणि एकमेकांशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. कूलंट कमी होतंय का तेही बघा. टॅपेट (व्हॉल्व दाबणारा भाग) टाइट झाल्यामुळे व्हॉल्व पूर्ण बसत नसेल तर बऱ्याच इंजिनांत नुसत्या कव्हरखालच्या ॲडजस्टमेंटवर भागतं, हेडला हात लावावा लागत नाही. आणि चारही रीडिंग सारखीच आली तर हेड खोलायची घाई करू नका, परत तीनच्या वायरिंगकडे या आणि कॉम्प्युटरपर्यंतची प्रत्येक वायर तपासून घ्या.